विजेत्यानं वरच्या वजनात जायलाच हवं का?

पेठी ठोसा | रविवार, सकाळी ११.४०

टपरीवरचं भांडण इथं आणतोय, कारण तिथं ते मिटायचं नाव घेत नाही. आम्ही चौघं दर रविवारी टिळक रस्त्यावरच्या एका अमृततुल्यात बसतो. त्यातला एक मित्र (इथं सभासद आहे, पण लिहीत नाही, नुसता वाचतो आणि मग फोन करून हसतो) गेले कित्येक महिने एकच पालुपद धरून बसलाय. "आपल्या गटात सगळ्यांना झोडपलंस ना? मग वर जा. वरचा ललकारतोय आणि तू वजनाची सबब सांगतोस म्हणजे तुझी फाटली."

सुरुवात अर्थातच टेरेन्स क्रॉफर्डपासून झाली. १४ सप्टेंबर २०२५ ची सकाळ आठवत असेल. लास वेगासची शनिवार रात्र म्हणजे आपला रविवार, त्यामुळे पोह्यांची बशी मांडीवर घेऊन नेटफ्लिक्सवर ती लढत बघितली. १५४ पौंडांत लढणारा क्रॉफर्ड थेट १६८ मध्ये गेला आणि कनेलो अल्वारेझला तिन्ही पंचांच्या कार्डांवर हरवून आला. ११६-११२, ११५-११३, ११५-११३. तेव्हापासून मित्राला वाटतंय की ही आता प्रत्येक विजेत्याची परीक्षाच झाली.

माझं म्हणणं साफ उलट आहे. विजेत्याचं पहिलं देणं स्वतःच्या गटात रांगेत उभा असलेल्याला. २०२३ मध्ये याच क्रॉफर्डनं एरॉल स्पेन्सला हरवून १४७ चे सगळे पट्टे गोळा केले आणि पुढे काय, तर हक्काचा आव्हानवीर जॅरॉन एनिस नुसता वाट बघत राहिला. शेवटी आयबीएफनं (पट्टे देणाऱ्या चार संस्थांपैकी एक) क्रॉफर्डचा पट्टा काढून एनिसला कागदावरच विजेता केलं. आता यात पराक्रम कुणाचा?

दुसरं उदाहरण केल ब्रूकचं. २०१६ मध्ये तो १४७ चा विजेता होता, एकही हार नाही. लंडनमध्ये गेनाडी गोलोव्हकिनसमोर १६० मध्ये उभा राहिला. दुसऱ्या फेरीत तर त्यानं गोलोव्हकिनला असे काही ठोसे हाणले की मी खुर्चीतून उठलो होतो. पण तोवर डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं. पाचव्या फेरीत त्याच्याच कॉर्नरनं, म्हणजे कोपऱ्यातल्या त्याच्या माणसांनी, टॉवेल फेकून हार मानली. पुढच्या वर्षी परत १४७ मध्ये येऊन स्पेन्सशी लढला, तर दुसऱ्या डोळ्याची खोबण मोडली आणि पट्टाही गेला. एका हट्टापायी काय काय गेलं बघा.

आणि मार्व्हिन हॅगलर? अख्खी कारकीर्द १६० मध्ये. १९८० ते ८७ विजेता, बारा वेळा पट्टा राखला, वर ढुंकून पाहिलं नाही. तो भित्रा होता असं म्हणायची कुणाची छाती आहे का?

मंडळी, बोला.

कांदालिंबू | रविवार, दुपारी १२.०५

शीर्षक वाचून वाटलं मिसळीचा धागा आहे. वरच्या वजनात जाण्यात माझी पीएचडी आहे, काही लागलं तर विचारा.

आकडेमोड्या | रविवार, दुपारी १२.५०

ठोसा भाऊ, उदाहरणं तुम्ही सोयीची निवडलीत. पौंडांत बोलू नका, टक्क्यांत बोला. नाओया इनोउए ११८ वरून १२२ मध्ये गेला, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्याही आत. त्यानं दोन्हीकडे चारही पट्टे जमवले, २०२२ च्या डिसेंबरात ११८ चे आणि बरोबर वर्षभरानं १२२ चे. त्या चार पौंडांसाठी कुणी त्याच्या नावानं बोटं मोडली नाहीत. ब्रूकची उडी नऊ टक्क्यांची. मायकी गार्सिया २०१९ मध्ये १३५ वरून १४७ मध्ये गेला, ती पण नऊचीच; स्पेन्सनं बाराच्या बारा फेऱ्यांत धुतला. दोन पंचांनी १२०-१०८ दिले आणि तिसऱ्यानं १२०-१०७.

आता गंमत ऐका. क्रॉफर्डची १५४ ते १६८ ही उडीसुद्धा नऊ टक्क्यांचीच आहे. मग तो जिंकला कसा? तर त्याचा रस्ता बघा. २०१४ मध्ये १३५ चा पट्टा, मग १४० मध्ये काही वर्षं, २०१८ ला १४७, २०२४ ला १५४. अकरा वर्षं पायरी पायरीनं वर आलेलं शरीर आहे ते. पॅकियाओचंही तेच, १९९८ ला ११२ मध्ये विजेता आणि २०१० ला १५४ मध्ये. आठ गट, बारा वर्षं. ब्रूकनं एका उन्हाळ्यात अंगावर मांस चढवलं आणि गेला.

थोडक्यात, किती वजन वाढलं याच्याइतकंच ते किती वर्षांत वाढलं हेही विचारा.

तालमीतला | रविवार, दुपारी २.१५

बॉक्सिंगमधलं आपल्याला फार कळत नाही. शुक्रवार पेठेत चिंचेच्या तालमीजवळ वाढलो, लाल माती अंगाला लागलेली आहे, तेवढ्यावर बोलतो.

आमच्याकडं काटा नंतर आला. त्याआधी जत्रेच्या मैदानात जोड लावायचे. पंच मंडळी दोन्ही पैलवानांना शेजारी उभं करून मान, खांदा, मांडी बघायची, आणि जोड बरोबरीची नाही वाटली तर कुस्ती लागायचीच नाही. मोठ्या पैलवानानं लहानाला पाडलं तर त्याला टाळी नव्हती, उलट शिट्ट्या. लहानानं मोठ्याशी बरोबरीत सोडवली तरी लोक फेटे उडवायचे. म्हणजे वर जाण्याला मान होता, पण सक्ती नव्हती, आणि डोळ्यानं बघणारं कुणीतरी मध्ये होतं.

आणि खाशाबांना विसरू नका. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गोळेश्वरचा हा गडी फ्लायवेटमध्ये उतरला, मॅट नवी, नियम नवे, सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये, ५७ किलोत, आणि कांस्य घेऊन आला. वरचा गट, चार वर्षांची मेहनत मध्ये. आकडेमोड्यांचा हिशोब इथंही लागू पडतोय.

तिकडं आमचा महाराष्ट्र केसरी, त्याचं गणितच वेगळं. केसरी गट ८६ ते १२५ किलो. म्हणजे ८८ किलोचा पोरगा सव्वाशेच्या डोंगराशी भिडू शकतो आणि कुणी 'वर गेला' म्हणत नाही. २०२३ ला कोथरूडला बघितलंत ना? शिवराज राक्षे आणि महेंद्र गायकवाड, दोघंही आडदांड. हलक्या माणसाला त्या गटात चपळाईवर किती दिवस काढता येतील ते तुम्हीच सांगा.

जुना रेडिओ | रविवार, दुपारी ४.३०

वय झालं आता, टाइप करायला वेळ लागतो, पण या विषयावर गप्प बसवत नाही.

शुगर रे रॉबिन्सन. २५ जून १९५२, न्यूयॉर्कचं यँकी स्टेडियम. मिडलवेटचा (१६०) विजेता, लाइट हेवीवेटच्या (१७५) जोई मॅक्सिमसमोर. रॉबिन्सन एकशे साडेसत्तावन्न पौंड, मॅक्सिम १७३. आणि उकाडा असा की दिव्यांखाली पारा शंभरच्या वर, म्हणजे आपल्या हिशोबात चाळिशीला. दहाव्या फेरीनंतर रेफ्रीच कोसळायला आला, त्याला बदलून दुसरा आणावा लागला! तोवर तिन्ही कार्डांवर रॉबिन्सन पुढे. नाचतोय, मारतोय, सरकतोय. तेराव्या फेरीत एक ठोसा हवेत गेला आणि त्याच झोतात तो स्वतःच तोंडावर आपटला. चौदाव्याला स्टुलावरून उठलाच नाही.

लोक म्हणतात त्याला उकाड्यानं हरवलं. अहो, उकाडा मॅक्सिमलाही होताच की. पण मॅक्सिम जागच्या जागी उभा राहून त्याच्या अंगावर रेलत होता. क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना मिठीत धरताना, तेवढं जास्तीचं वजन तेरा फेऱ्या मानेवर वागवायचं म्हणजे काय, ते पोत्यांची हमाली केलेल्याला विचारा. वरच्या वजनातला माणूस जोरात मारतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो नुसता टेकतो, त्यानंही माणूस संपतो, हे रिंगमध्ये गेल्यावर कळतं.

दुसरं रॉय जोन्सचं. १ मार्च २००३ ला त्यानं जॉन रुइझला हरवून हेवीवेटचा पट्टा घेतला. जोन्स १९३ पौंड, रुइझ २२६. काय दिसला होता त्या रात्री! सगळे ही रात्र आठवतात. मला मात्र पुढचं आठवतं. जोन्स लगेच १७५ मध्ये परतला, ते कमावलेलं सगळं मांस उतरवून. नोव्हेंबरात अँटोनियो टार्व्हरसमोर जेमतेम वाचला आणि मे २००४ ला दुसऱ्याच फेरीत आडवा. तिथून तो पूर्वीचा जोन्स परत दिसला नाही.

वर चढताना तो शाबूत होता. मोडला उतरताना.

पेठी ठोसा | रविवार, दुपारी ४.५५

रेडिओकाका, दंडवत. ब्रूकलाही उतरतानाच दुसरी जखम झाली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आकडेमोड्या | रविवार, संध्याकाळी ५.२०

काका, मान्य. पण मग रॉबेर्तो दुरान? १९७२ मध्ये १३५ चा विजेता, आणि १९८९ मध्ये, सदतीस वर्षांचा असताना, १६० मध्ये आयरन बार्कलीला हरवून पट्टा. आणि उसिक? २०१८ ला क्रूझरवेटचे सगळे पट्टे, म्हणजे दोनशे पौंडांची मर्यादा. डिसेंबर २०२४ ला टायसन फ्युरीसमोर तो २२६ आणि फ्युरी २८१. पंचवीस किलोचा फरक! तरी जिंकला. त्याच वर्षी मे महिन्यातही जिंकलाच होता.

टेकणारा माणूस वजनदार असतो हे खरं, पण टेकायला समोरचा जागेवर सापडला पाहिजे.

फक्त फिजिओ | रविवार, रात्री ९.१०

डेक्कनला दवाखाना आहे, खेळाडू येतात, त्या अनुभवावर लिहिते. इथं सगळे 'वर जाणं धोक्याचं' म्हणताहेत. माझ्या टेबलावर येणारी पोरं बहुतेक 'खाली राहिल्यामुळे' आलेली असतात.

व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी होतं. म्हणजे १४७ चा बॉक्सर हा १४७ चा नसतोच. तो पाणी तोडून, घाम काढून त्या एका क्षणापुरता १४७ होतो आणि दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये कित्येक किलोंनी जड होऊन येतो. २००० सालची आर्तुरो गाटी आणि जोई गमाश यांची लढत शोधून बघा. ठरलेलं वजन १४१ पौंड, आणि रिंगमध्ये गाटी साधारण १६० चा होता. गमाश दुसऱ्या फेरीत बेशुद्ध पडला, मेंदूला इजा झाली, पुन्हा कधी लढला नाही. कागदावर दोघंही एकाच गटातले बरं का! या प्रकाराला आळा म्हणून आयबीएफनं लढतीच्या दिवशी सकाळी परत काटा लावायचा नियम केला, मर्यादेच्या वर दहा पौंडांपेक्षा जास्त चालायचं नाही.

आणि १९९७ ची गोष्ट, अमेरिकेतल्या कॉलेजांतले तीन कुस्तीगीर महिन्याभराच्या अंतरात गेले. तिघंही वजन तोडत होते. रबरी सूट, गरम खोली, व्यायाम, पाणी बंद. त्यानंतर तिथले नियम बदलले.

तेव्हा 'विजेत्यानं वर जावं का' या प्रश्नाआधी, तो आत्ता जिथं आहे तिथला तरी आहे का, हे विचारायला हवं.

कांदालिंबू | रविवार, रात्री ९.४०

पॅरिस ऑलिंपिकची ती सकाळ आठवली. ५० किलो आणि वर १०० ग्रॅम. आमच्या हापिसात त्या दिवशी कुणी डबा उघडला नाही. (उघडला, पण उशिरा.)

तालमीतला | रविवार, रात्री १०.०२

विनेश फोगाट ५३ ची होती हो. ५३ ची जागा अंतिम पंघालनं मिळवली म्हणून ही ५० ला उतरली. जपानच्या सुसाकीला हरवलं त्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी काट्यानं हरवलं.

धायरीची आई | सोमवार, दुपारी १.३०

तीन महिने नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी सतरा वर्षांची, बारावीत आहे. चार वर्षं बॉक्सिंग करते. ५७ किलोत दोनदा जिल्ह्यात पहिली आली. आता तिच्या क्लबात त्याच वजनाची दुसरी एक मुलगी आली आहे, चांगली आहे, उंच आहे. सर म्हणतात, "५७ ला हिला पाठवू, तुमची ६० ला जाऊ दे. चॅम्पियन आहे, वरही मारेल." ऐकायला कौतुक वाटतं. पण घरी आल्यावर मुलगी रात्रभर बोलली नाही. सकाळी एवढंच म्हणाली, "मी जिंकले म्हणून मलाच का हलवतात?"

तुमचं क्रॉफर्ड-कनेलो मला कळत नाही. पण प्रश्न तोच आहे ना?

पेठी ठोसा | सोमवार, दुपारी १.५२

ताई, अगदी तोच आहे! अजिबात ऐकू नका. ५७ ची जागा तिची आहे. नव्या मुलीला हवी असेल तर तिनं हरवून घ्यावी. विजेत्यानं जागा सोडायची आणि आव्हान देणारीनं आयती बसायचं, हा कुठला न्याय?

खडकीचा फौजी | सोमवार, संध्याकाळी ७.४५

ठोसा साहेब, जरा दमानं घ्या. पोरीचं शरीर आहे, पेठेतला वाद नाही.

मी फौजेत असताना सर्व्हिसेससाठी लढलो, आता खडकीत पोरांना शिकवतो. ताई, मला या चार गोष्टी सांगा. सकाळी उपाशीपोटी, बाथरूमला जाऊन आल्यावर वजन किती भरतं? एका दिवसाचं नको, दोन आठवडे रोज वहीत लिहा. गेल्या वर्षभरात उंची वाढली का? स्पर्धेआधी शेवटच्या तीन दिवसांत ती काय खाते आणि काय सोडते? आणि पाळी वेळेवर येते का? हे शेवटचं विचारायला पुरुष प्रशिक्षक लाजतात, म्हणून पोरी भोगतात.

आता माझी गोष्ट. मी ६० ला लढायचो, हाडाचा ६५ चा. दोन स्वेटर, त्यावर प्लास्टिकचा कागद, जून महिन्यात दोरीवरच्या उड्या. शेवटच्या रात्री डब्यात थुंकत बसायचो, तेवढेच पन्नास ग्रॅम. काट्यावर पास झालो की गडी जिंकल्यासारखे नाचायचो. आणि लढतीत दुसऱ्या राउंडला पाय शिशाचे. आमच्या हौशी बॉक्सिंगमध्ये काटा त्याच दिवशी सकाळी असतो, आणि ज्या ज्या दिवशी लढत त्या त्या दिवशी परत काटा. व्यावसायिकांसारखी भरून यायला रात्र मिळत नाही. पाच दिवस स्पर्धा चालली तर पाच दिवस उपास.

म्हणून आमच्याकडचा हिशोब वेगळा. तिथं बारा राउंडची लढत, वर जाणाऱ्याला मोठ्या माणसाचं वजन छत्तीस मिनिटं वागवायचं. इथं तीन राउंड, नऊ मिनिटं. पोटात अन्न असलेली ६० ची पोरगी उपाशी ५७ च्या पोरीपेक्षा बरी. अमित पंघालचं बघा, ४९ चा एशियाड विजेता. ऑलिंपिकमधून ४९ काढलं, तर ५२ ला गेला आणि २०१९ ला जागतिक रौप्य घेऊन आला. लव्हलिनाचं ६९ गेलं, तिला सरळ ७५ ला जावं लागलं, सहा किलो! २०२३ ला दिल्लीत ७५ ची जगज्जेती झाली. मेरी कोमचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. ४५, ४६, ४८ ला पाच वेळा जगज्जेती, पण २०१२ ला लंडनमध्ये बायकांना तीनच गट ठेवले, ५१, ६० आणि ७५. ती ५१ ला चढली, स्वतःपेक्षा उंच पोरींशी लढून कांस्य आणलं. २०१८ ला परत ४८ ला येऊन सहावं सोनं. यांना कुणी विचारलं नव्हतं हो, की जायचंय का.

पेठी ठोसा | सोमवार, रात्री ८.१०

सुभेदार साहेब, तोच तर माझा मुद्दा! कुणी विचारलं नव्हतं. क्रॉफर्ड स्वतःच्या मर्जीनं गेला, पैसे ठरवून गेला. मेरीला समितीनं गट काढून टाकून ढकललं. या मुलीला क्लब ढकलतोय.

खडकीचा फौजी | सोमवार, रात्री ८.३१

सुभेदार नव्हे, हवालदार. बाकी बरोबर बोललात.

आकडेमोड्या | सोमवार, रात्री ८.४०

व्यावसायिकांतही मर्जी वगैरे फार नसते, ठोसा भाऊ. ज्याचं नाव मोठं त्याचा काटा. २०१६ ला आमिर खान १५५ च्या ठरवलेल्या वजनावर कनेलोसमोर गेला. ते वजन कनेलोच्या सोयीचं, खान १४७ चा. सहाव्या फेरीत झोपला. कधी उलटंही होतं. २००८ ला दे ला होया पॅकियाओसाठी १४७ ला खाली आला, काट्यावर १४५ भरला, चेहरा ओढलेला. आठ फेऱ्यांनंतर स्टुलावरच बसून राहिला. 'पॅकियाओ वर गेला' अशी ती लढत इतिहासात लिहिली गेली. मला तरी ती 'दे ला होया खाली आला' अशीच दिसते.

जुना रेडिओ | मंगळवार, सकाळी ६.१५

आकडेमोड्या, हे छान लिहिलंत. एक पुस्ती जोडतो. गट बदलला की हातमोजेही बदलतात. १४७ पर्यंत आठ औंसांचे, त्यावर दहा औंसांचे. खालून येणाऱ्याची जी काही धार होती ती दोन औंस कापसात बुडते. वरच्याला त्या कापसाची सवय असते. टीव्हीवर हे कुणी सांगत नाही.

फक्त फिजिओ | मंगळवार, सकाळी ९.००

ताई, हवालदारसाहेबांच्या चारही प्रश्नांची उत्तरं खरी खरी लिहा. मुलीलाच लिहू द्या. आई समोर असली की ग्रॅम कमी होतात.

धायरीची आई | पुढचा शुक्रवार, रात्री १०.२०

वही झाली, अकरा दिवसांची. सगळ्यात कमी ५८.३, सगळ्यात जास्त ५९.४. उंची वर्षात चार सेंटिमीटर वाढली. स्पर्धेआधी तीन दिवस ती भात-पोळी बंद करते आणि शेवटच्या दिवशी पाणी, हे मला आत्ता कळलं. मला सांगायची, "आई, मी मैत्रिणीकडे जेवले." पाळी दोनदा चुकली होती. परीक्षेच्या ताणानं, असं सांगितलं होतं तिनं.

वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले थोडा वेळ.

फक्त फिजिओ | शुक्रवार, रात्री १०.४०

ताई, स्वतःला दोष देऊ नका. पण ५७ हे तिचं वजन राहिलेलं नाही. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिन बघा. गट नंतर ठरवा.

खडकीचा फौजी | शनिवार, सकाळी ५.५०

जायचं ६० लाच. पण सर म्हणतात म्हणून नाही, वही म्हणते म्हणून. आणि लगेच स्पर्धेत नाही. दोन महिने ६० आणि ६३ च्या पोरींबरोबर स्पॅरिंग (सरावाची लढत) करू द्या. तिला आधी क्लिंचमधून सुटायला शिकू द्या, रेडिओकाका म्हणाले ते टेकणं लहान वयातही असतंच. खाणं वाढवायचं म्हणजे वडापाव नाही. अंडी, डाळ, शेंगदाणे, दूध. पायांची ताकद आधी, मग खांदे.

पेठी ठोसा | शनिवार, सकाळी ९.३०

हरलो मी, मान्य. पण एक खुपतंय. ती ६० ला गेली की क्लबात सगळे म्हणणार, नवीच्या भीतीनं गेली. चाचणी लढत मागायला काय हरकत? २०१९ च्या डिसेंबरात निखत झरीननं मेरीविरुद्ध जाहीरपणे चाचणी मागितली होती. ९-१ नं हरली, पण मागितली आणि मिळाली. आणि नंतर २०२२ ला ५२ मध्ये आणि २०२३ ला ५० मध्ये जगज्जेती झालीच की.

खडकीचा फौजी | शनिवार, सकाळी १०.०५

चाचणीसाठी पोरीला परत ५७ ला उतरवणार? त्याच्यासाठीच तर अकरा दिवस वही लिहिली. काटा न लावता, आहे त्या वजनावर, हेडगार्ड घालून तीन राउंड ठेवा. सरांशी मी बोलतो. क्लबाचं नाव इथं नको, ताई, मला फोन करा.

कांदालिंबू | शनिवार, सकाळी १०.२०

फोन नंबर धाग्यावर टाकू नका, निरोपातून पाठवा. संपादक मंडळ जागं व्हायच्या आत सांगतोय.

धायरीची आई | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८.१५

डॉक्टरांकडे जाऊन आलो. लोह कमी आहे, गोळ्या चालू केल्या. आता रात्री दोन अंडी खाते आणि भात मागून घेते. आज सकाळी ५९.८ भरलं, तर काट्यावरून उतरून स्वतःच हसली.

सरांनी आधी आढेवेढे घेतले, पण हवालदारसाहेब स्वतः आले होते. काल तीन राउंड झाले, निकाल लावायचा नाही असं ठरवून. मला त्यातलं कळत नाही, पण दोघी घामाघूम होऊन मिठी मारून उतरल्या आणि मग एकाच बाटलीतून पाणी प्यायल्या. येताना गाडीवर मागून म्हणाली, "आई, जाणारच होते मी वर. एकदा तिला मारून मग जायचं होतं." लागलं का तिला, असं विचारलं तर म्हणाली, "तिलाही लागलं, मलाही लागलं, तू गाडी चालव."

सगळ्यांचे आभार. ६० चा अर्ज पुढच्या स्पर्धेला भरणार आहोत, या वेळच्या नाही.

खडकीचा फौजी | रविवार, रात्री ८.४०

पहिला राउंड नवीचा, दुसरा-तिसरा हिचा. डाव्या हुकनंतर हात खाली सोडते, ६० ला ते महागात पडेल. मंगळवारी पाठवा.

अर्धा कटिंग | रविवार, रात्री ९.०५

नमस्कार. टपरीवरचा तो मित्र मीच. सहा वर्षांत हा पहिला प्रतिसाद.

ठोसा, धागा काढलास 'वर जाऊ नये' म्हणून आणि शेवटी पोरगी ६० ला. उद्या सकाळी सात वाजता ये. चहा तुझा, क्रीमरोलही तुझा. आणि हॅगलरबद्दल माझं अजून बोलून झालेलं नाही. १९८७ ला लेनर्ड तीन वर्षांच्या विश्रांतीनंतर १६० ला वर चढून आला आणि हॅगलरकडून पट्टा घेऊन गेला, ते तू सोयीस्कर गाळलंस.

पेठी ठोसा | रविवार, रात्री ९.०७

दोन पंच एकीकडे, एक दुसरीकडे! लेनर्ड जिंकला असं मी आजही मानत नाही. सातला येतो.